टाकून देणे

मराठी भाषेने काही बाबतींत आपली फार पंचाईत करून ठेवली आहे. इंग्रज माणसाला एखादी वस्तू नकोशी झाली की तो ती 'दूर' फेकतो. दूर म्हणजे दूर. विषय संपला. आपण मात्र वस्तू 'फेकून देतो', 'टाकून देतो'. आता 'देतो' म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, कुणाला देतो? व्याकरणाच्या पुस्तकात या 'देणे'ची काहीतरी सोय लावलेली असेल आणि तिथे त्याचा अर्थ विचारायचा नसेल. पण आमची आजी व्याकरण शिकलेली नव्हती. घरातून काहीही बाहेर टाकायचं म्हटलं की ती विचारायची, "कोणाला देतोस?" ताक उरलं तर शेजारी, भाकरी उरली तर गाईला, लुगडं विरलं तर गोधडीला, गोधडी विरली तर पायपुसण्याला आणि पायपुसणं विरलं तर चुलीला. प्रत्येक वस्तूला घेणारा कुणीतरी ठरलेला असायचा. घेणारा नसेल तर ती वस्तू घरातच राहायची. त्यामुळे आमचं घर नेहमी भरलेलं असे आणि आमची गल्ली रिकामी असे. हल्ली हे प्रमाण उलटं झालं आहे.

शिवाय 'देणं' या शब्दाचा दुसरा अर्थ कर्ज. तो तूर्त बाजूला ठेवू. सकाळी सकाळी कर्जाची आठवण बरी नाही.

दान कसं करावं याचे नियम आपल्याकडे पक्के आहेत, आणि ते खान्देशातल्या माणसाला तरी सांगावे लागू नयेत. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. म्हणजे गीता आमच्याकडे अगदी घरपोच झाली होती. दान करताना देश, काल आणि पात्र बघावं, असं गीता सांगते. ही कसोटी आमच्या कॉलनीतल्या कचऱ्याच्या पिशवीला लावून पाहा. देश : कोपऱ्यावरचा मोकळा प्लॉट. काल : रात्री साडेनऊ, टी.व्ही.वर जाहिराती चालू असताना. पात्र : जे असेल ते. बहुतेक वेळा गाय. 2021 साली फरिदाबादला एका गाभण गाईच्या पोटातून डॉक्टरांनी 71 किलो कचरा काढला, त्यात बहुतांश प्लॅस्टिक. गाय वाचली नाही. एवढं दान बिचारीने मागितलं नव्हतं.

पण मी एकदम गाईपर्यंत पोचलो. सुरुवात वांग्यापासून करायला हवी होती.

बाजारात जाताना मी कापडी पिशवी नेतो. चांगली जाड, गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, दोन्ही बंद शाबूत असलेली. कपाशीच्या मुलखात राहायचं आणि कापडाच्या पिशवीची लाज वाटायची हे मला पटत नाही. भाजीवाली वांगी तोलते, एक पातळ पन्नी फूः करून उघडते, वांगी पन्नीत घालते, पन्नीला गाठ मारते आणि ती पन्नी माझ्या कापडी पिशवीत अलगद सोडते. कोथिंबिरीची दुसरी पन्नी. मिरच्यांची तिसरी. "अहो, पिशवी आहे ना!" म्हटलं तर तिचं उत्तर ठरलेलं, "राहू द्या ना भाऊ, फुकटनी शे!" फुकटची आहे म्हटल्यावर नाही म्हणणं हा आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो. घरी पोचेपर्यंत माझ्या पिशवीत तीन पिशव्या असतात. बाजार ते घर हे अंतर चालत अकरा मिनिटांचं. म्हणजे ती पन्नी आपल्या नोकरीत अकरा मिनिटं राहते आणि नंतर कित्येक पिढ्या पेन्शन घेते. सरकारी नोकरीतसुद्धा इतकी सवलत नाही.

या पिशवीच्या जन्माची कथा मोठी चमत्कारिक आहे. एकाच पत्र्यातून कापल्यासारखी, बनियनच्या आकाराची, दोन कानांची ही पिशवी स्टेन गुस्ताफ थूलिन नावाच्या एका स्वीडिश माणसाने काढली. 1965 साली तिचं पेटंट निघालं. कागदी पिशव्यांसाठी झाडं तुटतात, तर माणसाने ही एक हलकी, मजबूत पिशवी घडी घालून खिशात ठेवावी आणि पुन्हा पुन्हा वापरावी, अशी त्याची कल्पना होती, असं त्याच्या मुलाने पुढे सांगितलं आहे. म्हणजे बघा, त्या भल्या माणसाने झाडं वाचवायला निघून जगाला हे देणं करून ठेवलं. त्याला फक्त एकच गोष्ट माहीत नव्हती. वस्तू फुकट दिली की माणूस तिची घडी घालत नाही.

अपवाद गृहिणींचा. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक पिशवी लटकते आणि तिच्यात पिशव्या असतात. तुमच्याकडेही असणार. हे पिशव्यांचं एकत्र कुटुंब आहे. त्यात कपड्याच्या दुकानाची जाड पिशवी ही थोरली जाऊ, तिला सहसा कुणी बाहेर काढत नाही. आमच्या हिला मी एकदा विचारलं, "एवढ्या पिशव्यांचं करणार काय?" ती म्हणाली, "लागतात." तत्त्वज्ञानाच्या मोठमोठ्या ग्रंथांना संचयाची इतकी थोडक्यात मांडणी साधलेली नाही. पण या संचयामागे आजीचाच हिशेब आहे, हेही मला दिसतं. घेणारा सापडेपर्यंत वस्तू घरात ठेवायची. फक्त आजीच्या वेळी घेणारा सापडत असे.

आता इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी प्लॅस्टिकला शिव्या देणार. ते जळगावात राहून मला जमणार नाही. ज्या ताटात जेवायचं त्यात थुंकू नये म्हणतात. आमच्या गावाचं निम्मं ताट प्लॅस्टिकवर उभं आहे. भवरलाल जैन यांनी 1980 साली इथे पीव्हीसी पाइपांचा कारखाना काढला आणि त्याच दशकात ठिबक सिंचन आणलं. पाण्याच्या थेंबाथेंबाला नळी दाखवली म्हणून आमच्या केळीच्या बागा उन्हाळ्यात उभ्या राहतात. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना त्या काळ्या नळीची थोरवी सांगायला नको. एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत. जुनं प्लॅस्टिक वितळवून त्याची चटई होते, आणि तीवर लग्नाच्या पंगती बसतात, माणसं झोपतात, म्हातारी माणसं पोथी वाचतात. एक चटई घरात किती वर्षं टिकते याचा हिशेब कुणी ठेवत नाही, कारण ती टिकतेच.

तेव्हा पाप वस्तूत आहे असं म्हणून मला सुटता येत नाही. केळीच्या खोडाशी वर्षानुवर्षं पाणी देणारी नळी आणि वांगी अकरा मिनिटं नेणारी पन्नी, दोघींचं गोत्र एक. थोरली कर्तबगार निघाली आणि धाकटीला आपण काम न देता उनाड केली. मग तिने गल्लीत भटकायचं नाही तर काय करायचं?

आणि आपला स्वभावही असा की जे दाराशी उगवतं त्याची किंमत नाही. हिवाळ्यात आमच्याकडे भरीत पार्ट्या होतात. शेतात जायचं, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, तेलाचा हात सैल. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. चारी बाजूंना केळीच्या बागा. एकेक पान पाटाएवढं. आणि अशा ठिकाणी मंडळी गावातून पत्रावळी विकत आणतात. पूर्वी थर्मोकोलच्या आणायचे. 2018 साली महाराष्ट्र सरकारने 23 मार्चला अधिसूचना काढली, 23 जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या गुन्ह्याला 5000 रुपये. तेव्हा थर्मोकोल गेला आणि कागदाच्या चकचकीत पत्रावळी आल्या. हा चकचकीतपणा कागदाचा नसतो. त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. पिशव्यांचंही तेच झालं. कापडासारख्या दिसणाऱ्या, रंगीत, कडेने शिवल्यासारख्या पिशव्या आल्या. त्या काडी लावून बघा. कापडाची राख होते, ही पिशवी वितळून ठिबकते. बंदीच्या भीतीने प्लॅस्टिकने वेशांतर केलं, आणि आम्ही त्याला पाहुणा म्हणून पुन्हा घरात घेतलं.

मागे एका शेतात मी भीत भीत सुचवलं की केळीची पानं कापू या. यजमान म्हणाले, "छे छे, पाहुण्यांना पानावर वाढायचं? बरं दिसतं का?" केळीवाल्याच्या बागेत केळीच्या पानाला नाव ठेवलं गेलं. मी त्या दिवशी चकचकीत पत्रावळीत जेवलो आणि भरीत मात्र उत्तम होतं.

असो. मुद्द्यावर येतो. मुद्दा मेहरूण तलावाचा आहे.

मुंबईला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह नावाच्या वकिलांनी 2015 साली कचरा उचलायला सुरुवात केली. आधी स्वतः आणि एक वयोवृद्ध शेजारी. मग माणसं जमत गेली. दर शनिवार-रविवारी शेकडो माणसं गुडघाभर प्लॅस्टिकमध्ये उभी राहून ते उपसू लागली. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाह यांचा गौरव केला, आणि 2018 च्या मार्चमध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं अंड्यांतून बाहेर येऊन समुद्राकडे चालत गेली. ही गोष्ट आमच्या कॉलनीतल्या तरुण मंडळींनी ऐकली आणि त्यांनाही काहीतरी करावंसं वाटलं. अडचण एकच होती, खान्देशाला समुद्र नाही. आमच्याकडचा माणूस समुद्र बघायला भुसावळहून सुरतेच्या गाडीत बसतो.

पण समुद्र नाही म्हणून समुद्राशी संबंध नाही असं कुठे आहे? तापी तिकडे मध्य प्रदेशात मुलताईला निघते, सबंध खान्देशाची लांबी मोजत पश्चिमेला जाते आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. जळगावची वाघूर आणि गिरणा तिला मिळते, धुळ्याची पांझरा मुडावदला मिळते. वाटेत 1972 पासून उकाईचं धरण आहे, तिथे आमचा बराच माल अडत असेल. पण पावसाळ्यात दारं उघडली की धुळ्याच्या नाल्यात टाकलेली एखादी चिवट पन्नी समुद्र बघून येत असणार. माणसाला तिकीट पडतं, तिला तेही नाही.

तर गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण गोण्या घेऊन मेहरूण तलावावर गेलो. विसर्जनानंतरचा काठ ज्यांनी पाहिला नाही त्यांनी तो पाहू नये. आणि तिथे माझ्या हाती जे लागलं त्यावर मी अजून विचार करतो आहे. निर्माल्याच्या पिशव्या. दूर्वा, जास्वंदी, शमी, केवडा, सगळं पन्नीत भरलेलं आणि पन्नीला गाठ मारलेली. साधी गाठ नव्हे, दोन दोन. कुणीतरी दहा दिवस मनोभावे पूजा केली, ती फुलं पायदळी येऊ नयेत म्हणून जपून ठेवली, जपून आणली आणि पाण्याला अर्पण केली. देवाला दिलेलं फूल, आणि ते देवाला सुटू नये याची दोन गाठींनी काळजी घेतलेली. आत फुलांचा काळा लगदा झाला होता. पाण्याला ना फूल मिळालं, ना मातीला खत. गाठ तेवढी शाबूत होती.

यात कुणी दुष्ट नव्हतं, हे मला सर्वांत अवघड वाटलं. कुठे पाप म्हणून बोट दाखवावं असा माणूसच सापडेना. गाठ मारणाऱ्याने श्रद्धेने मारली होती.

आमच्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक राहतात. मूळचे अमळनेरचे. अमळनेरला प्रतापशेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तेव्हापासून तिकडच्या माणसाशी वाद घालताना जपून राहावं लागतं. आम्ही गोण्या घेऊन परत आलो तेव्हा सर फाटकात उभे होते. म्हणाले, "काय हो, पुण्य किती पोती झालं?"

"बावीस," मी म्हणालो.

"तुम्ही काय करताय ते कळतंय का तुम्हाला? रविवारी तुम्ही उचलणार हे गावाला कळलं की शनिवारी माणूस निर्धास्त टाकणार. तुम्ही पुण्य कमवायचं आणि त्याला लागणारा कच्चा माल त्याने पुरवायचा. भागीदारीच आहे ही. घाण करणाऱ्याचं देणं तुम्ही फेडलंत तर त्याला ते देणं होतं हे कळणार कसं?"

बघा, मघाशी बाजूला ठेवलेला कर्जाचा अर्थ असा फाटकातून आत आला.

प्रश्न खोटा नव्हता. शिवाय सरांनी विचारला नाही तो भाग मीच मनात विचारला. आम्ही वर्षातून एक रविवार उचलतो, त्याला श्रमदान म्हणतात, फोटो निघतो आणि नंतर प्रत्येकाला दोन केळी मिळतात. खांद्यावर गोणी टाकून पहाटे पाच वाजता फिरणाऱ्या ज्या बायका हेच काम सातही दिवस करतात त्यांना कुणी केळं देत नाही. त्यांच्या हाताला काच लागते, कुत्री मागे लागतात, आणि दारातून गेल्या तर आपण चपला आत घेतो. टाकून दिलेलं घेणारा कुणीच नाही असं मी म्हणत होतो, तर घेणारी होती. रोज दारावरून जात होती.

याच विचारात मला त्या सकाळची एक बाई आठवली. साठीची असेल. विसर्जनाच्या रात्री गर्दीत जमलं नव्हतं म्हणून सकाळी निर्माल्य घेऊन आली होती. हातात गाठ मारलेली पन्नी. टाकायला हात वर गेला आणि समोर आम्ही, गुडघ्यापर्यंत चिखलात, तसल्याच पन्न्या उपसत. हात तिथेच थांबला. आमच्यातलं कुणी एक अक्षर बोललं नाही. तिने खाली बसून दातांनी गाठ सोडली, फुलं निर्माल्याच्या ड्रममध्ये ओतली, हात जोडले. मग रिकामी पन्नी हातात घेऊन ती इकडेतिकडे बघू लागली. माझी गोणी उघडी होती. तिने ती पन्नी माझ्या गोणीत टाकली नाही, माझ्या हातात दिली. देताना इतकी संकोचली की जणू मला शिळं अन्न वाढत होती. म्हणाली, "भाऊ, राग नका येऊ देऊ."

मी हे सरांना सांगितलं. म्हटलं, पाण्याला चेहरा नाही, रात्रीच्या मोकळ्या प्लॉटला चेहरा नाही. चेहरा नसलेल्याला माणूस काहीही देऊ शकतो. घेणारा समोर उभा राहिला की हात अडखळतो. आम्ही कुणाचं देणं फेडत नसू कदाचित, पण सावकाराच्या जागी जाऊन उभे तरी राहिलो.

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे उत्तर नाही, उदाहरण आहे." अमळनेरच्या माणसाकडून एवढं मिळालं तरी पुष्कळ.

आमचे साडू धुळ्याला असतात. त्यांना हे सगळं फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले की पांझरेच्या काठी कानबाईच्या विसर्जनानंतर त्यांनीही असंच पाहिलं. आमच्या घरी श्रावणात कानबाई बसते तेव्हा रोटांचा नियम कडक असतो. रोट भाऊबंदांनीच खायचे, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. कुणाच्या घरात किती रोट उरले आहेत याचा हिशेब सगळ्या कुळाला तोंडपाठ असतो. साडू म्हणाले, "घरातल्या पन्न्यांना असा नियम लावता आला असता तर! ज्याने आणली त्याच्याच भाऊबंदांनी संपवायची, पौर्णिमेच्या आत." मी म्हटलं, "कशाने संपवणार? खाणार?" तर ते म्हणाले, "नाही, पण मग आणताना चार वेळा विचार केला असता की नाही?" साडू तत्त्वज्ञ नाहीत, त्यांचं स्टेशनरीचं दुकान आहे. पण या बाबतीत मला सरांपेक्षा त्यांचं म्हणणं जास्त व्यवहारी वाटलं. मी तेव्हापासून भाजीवालीशी हुज्जत घालत नाही. ती पन्नी उघडायच्या आत कापडी पिशवीचं तोंड तराजूखाली धरतो. तीन दिवस तिला राग आला. चौथ्या दिवशी तिने वांगी थेट ओतली आणि वर एक कढीपत्त्याची काडी टाकली, तीही सुट्टी.

आता राहिली ती बावीस पोती.

ती कुणाला द्यायची, हा विचार उत्साहाच्या भरात कुणी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलावलं. तो मोठा जाणकार निघाला. त्याने पोती उलटी केली, पाण्याच्या बाटल्या एकीकडे केल्या, जाड डबे, तुटक्या बादल्या, खुर्चीचा पाय दुसरीकडे. हा माल चालतो, याचा पुढे दाणा होतो, कशाची तरी चटई होते. दुधाच्या पिशव्याही त्याने घेतल्या, फक्त धुऊन द्या म्हणाला. मग उरला तो ढीग त्याने काडीने हलवला. वेफर्सची चकचकीत पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या. यांत प्लॅस्टिक आणि चांदीसारखा पापुद्रा एकमेकांना असा चिकटवलेला असतो की तो सोडवण्याचा खर्च कुणाला परवडत नाही. आणि चिखलाने भरलेल्या पातळ पन्न्या, गाठींसकट. त्यांना वजन नाही, म्हणजे भाव नाही. असल्या पन्न्या डांबरात मिसळून रस्ते करता येतात, हे मदुराईच्या वासुदेवन नावाच्या प्राध्यापकांनी दाखवून दिलं आहे आणि 2018 साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. मी ही माहिती भंगारवाल्याला दिली. त्याने ती आदराने ऐकून घेतली, आठ पोती हातगाडीवर चढवली आणि बाकीच्या ढिगाकडे बघून विचारलं, "हाई कोन लेई?"

कॉलनीत मोकळी जागा असलेलं अंगण एकच आहे. सध्या चौदा पोती सरांच्या पारिजातकाखाली, तोंडं बांधून, ओळीने उभी आहेत. मुलं गाठी सोडून, पन्न्या धुऊन दोरीवर वाळत घालतात, कारण कोरडा आणि स्वच्छ माल असेल तर बघू, असं एका चटईवाल्याने म्हटलं आहे. सकाळी फुलं त्याच पोत्यांवर पडतात. सर रोज फाटकात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, की माझा या प्रकाराला तात्त्विक विरोध आहे, पोती फक्त ठेवायला दिली आहेत. आणि काल संध्याकाळी मी पाहिलं, तर चष्मा कपाळावर चढवून, एका पन्नीची गाठ ते स्वतः नखाने सोडवत बसले होते. गाठ सुटत नव्हती.